ताप आला तो दिवस, गोळी पोटात गेली तो दिवस

मलेरिया गडचिरोलीत, आपल्याकडे कुठे काय, असं वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत ऐकायला मिळतं. आकडे पाहिले तर ते खोटंही नाही. राज्यातल्या ग्रामीण हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीचा आहे आणि वर्धा कमी लागणीच्या जिल्ह्यांत मोडतो. पण इथली माती आणि पाणी मलेरियाला परकं नाही. 1936च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला, म्हणजे पुढे ज्याचं सेवाग्राम झालं त्या गावी, राहायला गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मलेरियामुळे त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. धाम, वणा, बोर, यशोदा या नद्या आजही त्याच आहेत, पावसाळ्यानंतर त्यांच्या पात्रात डबकी आजही उरतात, आणि त्या डबक्यांत वाढणारा डासही तोच आहे.

रुग्ण कमी असलेल्या जिल्ह्याने मलेरियाचं नियोजन कसं करायचं, हा या लेखाचा विषय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेवक, आशाताई, गाव आरोग्य समितीचे सदस्य आणि सरपंच यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. देशाने 2027 पर्यंत स्थानिक लागणीचे रुग्ण शून्यावर आणायचं आणि 2030 पर्यंत मलेरियाचं निर्मूलन करायचं ठरवलं आहे. दिल्ली-पुण्याचे आराखडे त्या दृष्टीने तयार आहेत. उपकेंद्राच्या पातळीवर मात्र ‘मागच्या वर्षीचाच आराखडा, तारीख बदलून’ असा प्रकार सर्रास होतो. तो थांबावा, हीच या लिखाणामागची तळमळ आहे.

आराखडा कशाच्या भोवती बांधायचा, हे आधी पक्कं करू. आजारी माणसाला चावलेली ॲनाफिलिस डासाची मादी लगेच रोग देत नाही. जंतू तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला आपल्याकडच्या हवामानात साधारण 10 ते 14 दिवस लागतात. त्याआधी रुग्णाच्या रक्तात डासाला लागण करू शकणारी जंतूंची अवस्था तयार व्हावी लागते. व्हायवॅक्स प्रकारात ती तापाबरोबरच दिसू लागते, फाल्सिपेरममध्ये ताप सुरू झाल्यावर आठवडा-दहा दिवसांनी. म्हणजे ताप आला तो दिवस आणि योग्य गोळी पोटात गेली तो दिवस, या दोहोंमध्ये किती दिवस गेले यावर गावात पुढचा रुग्ण होणार की नाही हे बरंचसं ठरतं. आरोग्य सेवकाची पंधरवड्याची घरभेट याच हिशेबातून आली आहे. फवारणी, मच्छरदाण्या, गप्पी मासे या सगळ्याला महत्त्व आहेच, पण ज्या जिल्ह्यात रुग्ण मोजके आहेत तिथे पहिला पैसा आणि पहिला माणूस हे दिवस कमी करण्यावर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम उन्हाळ्यात सुरू करा

जून हा हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. प्रभातफेरी निघते, पोस्टर लागतात. पण नियोजन जूनमध्ये सुरू केलं तर दोन-तीन महिने वाया गेलेले असतात. वर्ध्याचा पारा एप्रिल-मेमध्ये 45 अंशांच्या घरात जातो. नाले आटतात, हवा कोरडी होते, डासाचं आयुष्य घटतं आणि लागण जवळपास थांबते. या काळात जंतू जातो कुठे? तो माणसात राहतो. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतात आणि पुन्हा ताप आणतात. फाल्सिपेरमचे थोडे जंतू अंगात वागवणारा माणूस हिंडता-फिरता असतो, त्याला स्वतःलाही कळत नाही. पहिल्या पावसानंतर डास वाढले की याच मोजक्या माणसांपासून साखळी पुन्हा सुरू होते. मध्य भारतात साधारणपणे व्हायवॅक्सचा जोर पावसाळ्यात आणि फाल्सिपेरमचा जोर पाऊस संपल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबरात दिसतो.

म्हणून मार्च ते मे हा शोधाचा हंगाम समजा. मागच्या दोन-तीन वर्षांची रुग्णनोंदवही काढा आणि ज्यांना मलेरिया झाला होता त्या प्रत्येक घरी पुन्हा जा. त्या घरात आणि शेजारी कुणाला ताप येऊन गेला का, हे विचारा आणि रक्तनमुना घ्या. व्हायवॅक्सच्या रुग्णाने 14 दिवसांचं प्रायमाक्विन पूर्ण घेतलं होतं का, याचीही चौकशी करा. बहुतेक ठिकाणी असं आढळतं की चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेला आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहिल्या. मेमध्ये सापडलेल्या अशा एका रुग्णाचं मोल ऑक्टोबरात सापडलेल्या दहांपेक्षा जास्त आहे.

सरासरीच्या आड लपलेलं गाव

मलेरियाचा भार मोजण्याचा रूढ आकडा म्हणजे वार्षिक परोपजीवी निर्देशांक, दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात किती रुग्ण हे सांगणारा. 2011च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख 774 आहे. समजा आर्वी किंवा कारंजा तालुक्यातल्या 500 वस्तीच्या एका गावात वर्षभरात 10 रुग्ण निघाले आणि बाकी जिल्ह्यात एकही नाही. जिल्ह्याचा निर्देशांक होईल 0.008 च्याही आत. कागदावर सारं आलबेल. पण त्या गावाचा निर्देशांक 20, आणि 20 म्हणजे आणीबाणी. जिल्ह्याची, तालुक्याची किंवा आरोग्य केंद्राची सरासरी पाहून गावं निवडली तर नेमकं हेच गाव यादीतून सुटतं. गावाचा आणि जमलं तर वस्तीचा किंवा तांड्याचा आकडा वेगळा काढा. संख्या इतकी लहान असताना टक्केवारीत अडकण्यापेक्षा रुग्णांची नावनिशी यादी समोर ठेवणं जास्त उपयोगाचं आहे.

यादीत एक रकाना फार जपून भरायचा आहे, तो म्हणजे रुग्णाला लागण कुठे झाली हा. वर्धा जिल्ह्याची गोष्ट इथे जरा वेगळी आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे चंद्रपूर, यवतमाळ, अगदी तेलंगणाच्या आदिलाबादकडचे रुग्ण इथे येतात. सेवाग्रामच्या प्रयोगशाळेत सापडलेला रुग्ण वर्ध्याचाच असेल असं नाही. उलट देवळीचा माणूस चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात कामाला जाऊन आलेला असतो, तो वर्ध्याचा असतो पण लागण तिकडची असते. रुग्णालयाकडून येणाऱ्या यादीतला प्रत्येक पत्ता तपासा आणि गेल्या महिनाभरात तो कुठे कुठे झोपला हे विचारा. ‘कुठे गेला होतात’ असं विचारलं तर ‘कुठंच नाही’ असं उत्तर येतं. ‘रात्री मुक्कामाला कुठे होतात’ असं विचारलं की शेतातली जागल, लग्नघर, सासुरवाडी, सगळं बाहेर येतं. ॲनाफिलिस रात्री चावतो, म्हणून प्रश्नही रात्रीचाच असावा.

यादीसोबत नकाशा हवा. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. ग्रामपंचायतीतला गावनकाशा घ्या, त्यावर रुग्णांची घरं लाल ठिपक्याने दाखवा आणि निळ्या शाईने पाणी दाखवा: वापरात नसलेल्या विहिरी, शेततळी, कालव्याची पाझरणारी जागा, मुरूम काढलेले खड्डे, वीटभट्टीचे खड्डे, नदीतले डोह. समृद्धी महामार्गाच्या कामात सेलू आणि आर्वी तालुक्यांत खोदकाम झालं, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचं कामही याच जिल्ह्यातून गेलं आहे. जिथे भराव पडतो तिथे कुठेतरी खड्डाही होतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. हे काम आरोग्य सेवकाने एकट्याने करू नये. गावातलं पाणी कुठे किती दिवस थांबतं हे गुराख्याला आणि कोतवालाला कुणाही अधिकाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

रक्तनमुन्याचा प्रवास

रक्ततपासणीचं वार्षिक उद्दिष्ट ढोबळमानाने लोकसंख्येच्या 10 टक्के धरतात. 30 हजार लोकसंख्येच्या आरोग्य केंद्राला वर्षाला 3 हजार नमुने, म्हणजे महिन्याला 250. इथेच एक चूक घडते. उद्दिष्टाला बाराने भागून दर महिन्याला तेवढेच नमुने घेतले जातात, आणि महिनाअखेर आकडा भरत नसला की धडधाकट माणसांची बोटं टोचली जातात. अशा स्लाइडने कुणाचंही भलं होत नाही. ताप असलेल्या प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे, मग जुलै ते नोव्हेंबरात महिन्याला 400 नमुने होतील आणि फेब्रुवारीत 100 होतील. तसं व्हायलाच हवं. एखाद्या उपकेंद्राचे नमुने वर्षभर सारखेच येत असतील, तर तिथे ताप शोधला जात नाही असंच समजा.

नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत किती दिवस लागतात, हे तुमच्या केंद्रात एकदा मोजून पाहा. शुक्रवारी घेतलेली स्लाइड सोमवारी केंद्रात पोचते, तंत्रज्ञ दोन केंद्रांचा कारभार पाहत असेल तर ती गुरुवारी सूक्ष्मदर्शकाखाली जाते, अहवाल शनिवारी उपकेंद्राला कळतो आणि रुग्णाला गोळी मिळते त्याच्या पुढच्या मंगळवारी. अकरा दिवस. कुणी कामचुकारपणा केलेला नसतानाही. एवढ्या दिवसांत डासाचं काम होऊन जातं. जाड लेपाची स्लाइड नीट पाहायला निदान पाच मिनिटं लागतात, त्यामुळे तंत्रज्ञावर घाई लादूनही हा प्रश्न सुटत नाही. स्लाइड नेण्याचे दिवस ठरवावे लागतात. आठवड्यातून दोनदा नव्हे, पावसाळ्यात रोज, मग ती लसीच्या गाडीने जावो, दूध संकलनाच्या गाडीने किंवा एसटीने. आणि जिथे 24 तासांत अहवाल मिळणं शक्य नाही, तिथे आशाताईकडे जलद तपासणी किट असलंच पाहिजे. त्यावर 15 ते 20 मिनिटांत दोन्ही प्रकारचा मलेरिया कळतो.

या किटबद्दल वर्ध्यापुरती एक खास सूचना. ही किट उष्णतेने खराब होतात. पाकिटावर साठवणुकीचं कमाल तापमान छापलेलं असतं आणि ते सहसा 30 ते 40 अंशांच्या दरम्यान असतं. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली, पेटीत बंद ठेवलेलं किट जुलैमध्ये विश्वासाचं राहत नाही. ते ‘नाही’ म्हणतं आणि माणूस मलेरिया घेऊन फिरत राहतो. उन्हाळ्याचा साठा उपकेंद्रातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा आणि आशाताईंना पावसाळ्याच्या तोंडावर ताजी किट द्या. पाकीट फोडलं की किट लगेच वापरायचं, ओल्या हवेत उघडं राहू द्यायचं नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, फाल्सिपेरमच्या किटवरची रेघ रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे उमटू शकते. त्यामुळे औषध लागू पडलं का हे पाहायला स्लाइडच करावी.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे विद्यार्थी पहिल्या वर्षापासून दत्तक गावात राहून, घरोघरी जाऊन काम शिकतात. 1969 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची ही परंपराच आहे. ज्या जिल्ह्याला अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं लाभली आहेत, त्याने स्लाइडची फेरतपासणी आणि तंत्रज्ञांची उजळणी या दोन कामांत त्यांची मदत आराखड्यातच लिहून घ्यावी.

औषध पूर्ण होईपर्यंत

उपचाराचं धोरण राष्ट्रीय कार्यक्रमाने ठरवून दिलेलं आहे. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि 14 दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपेरमला आर्टिसुनेट असलेली संयुक्त औषधं तीन दिवस आणि प्रायमाक्विनची एक मात्रा. डोस वय आणि वजनावर ठरतो, म्हणून मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यानेच द्यावी. गरोदर स्त्रीला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. काही लोकांच्या रक्तात जी-6-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते. त्यांना या गोळीने लघवी गडद होऊ लागली तर ती तत्काळ थांबवून दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. विदर्भात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. सिकलसेल आजार असलेल्या मुलाला मलेरिया झाला तर तो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे गावातली सिकलसेलची यादी मलेरियाच्या आराखड्याला जोडलेली असावी.

14 दिवसांचा उपचार पूर्ण होणं हे व्हायवॅक्सचं सगळ्यांत अवघड काम आहे. ‘गोळ्या दिल्या’ अशी नोंद करून ते होत नाही. आशाताईने पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी जाऊन रिकामं पाकीट पाहावं. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत माणूस दिवसा घरी भेटत नाही, तेव्हा सकाळी सहाला किंवा दिवेलागणीला जावं लागतं. या फेऱ्यांचा मोबदला वेळेवर मिळेल याची तजवीज करा. ती न करता आशाताईंकडून पाठपुराव्याची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

खासगी डॉक्टर आणि गावातले औषध दुकानदार यांच्याशी मे महिन्यातच बसून बोला. कित्येक रुग्णांचा पहिला दिवस तिथेच जातो: एक सुई, दोन गोळ्या, ताप उतरला. त्यांच्याकडून एवढंच मागा की तापाच्या रुग्णाची तपासणी आधी व्हावी, नुसत्या आर्टेमिसिनिनच्या तोंडी गोळ्या, ज्यांच्यावर बंदी आहे, त्या कुणी देऊ नयेत, आणि रुग्ण सापडला तर त्याच दिवशी कळवावं. कळवल्यावर तुमचा माणूस त्यांच्या रुग्णाकडे मोफत औषध घेऊन पोचला, तर दुसऱ्या वेळी फोन आपोआप येतो.

बेशुद्धी, झटके, सतत उलट्या, धाप, कावीळ, लघवी कमी किंवा काळसर होणं, यांपैकी काहीही दिसलं तर गावात वेळ घालवायचा नाही. रात्री वाहन कुठून मिळेल, जिल्हा रुग्णालय जवळ की सेवाग्राम, आर्टिसुनेटचं इंजेक्शन कुठे आहे, हे प्रत्येक गावापुरतं आधी लिहून भिंतीवर लावलेलं असावं.

पाणी, डास आणि धूर

गावात तापाचे दोन रुग्ण निघाले की पहिली मागणी धूरफवारणीची होते. लोकांना धूर दिसतो, काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. पण धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, तेवढंच. नाल्या साफ करणं चांगलंच आहे, मात्र नालीतल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. डेंगीचा एडिस घरातल्या टाक्या-टायरमध्ये वाढतो. ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस क्युलिसिफेसिस स्वच्छ, ऊन लागणाऱ्या पाण्यात अंडी घालतो: नदीपात्रातली डबकी, कालव्याचा पाझर, शेततळं, विहीर. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्याच्या आत जे पाणी मुरतं किंवा वाहतं, त्याची काळजी नको. जे त्याहून जास्त थांबतं, तेच तुमच्या निळ्या ठिपक्यांपैकी कामाचं.

हा फरक जलसंधारणाच्या कामांनाही लागू होतो. आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने 2017च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला आणि त्या भागात पाण्याची कामं जोमाने झाली. दुष्काळाशी झुंजणाऱ्या गावाला पाणी साठवू नका असं कुणी सांगू नये. समतल चरातलं पाणी एक-दोन दिवसांत मुरतं, त्यात डास होत नाही. शेततळं आणि गावतलाव यांत मात्र काठाचं गवत काढणं, उथळ कडा उभ्या करणं आणि गप्पी मासे सोडणं ही कामं पहिल्या वर्षापासून हवीत. गप्पी मासे कोंडलेल्या पाण्यातच सोडा. विहिरी, हौद, टाक्या ठीक. धामच्या डोहात किंवा बोर धरणात सोडले तर देशी माशांना धोका होतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात पैदाशीसाठी एक हौद एप्रिलमध्ये तयार ठेवला तर जूनमध्ये मासे शोधत फिरावं लागत नाही.

1983 मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, नडियाद तालुक्यात, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मलेरिया संशोधन केंद्राने डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या पुढाकाराने खड्डे बुजवणं, मासे सोडणं, पाण्याचा निचरा करणं अशा मार्गांनी मलेरिया आटोक्यात आणण्याचा मोठा प्रयोग केला होता. त्यातून शिकण्यासारखं हे की असली कामं एका खात्याची नसतात. बोर, धाम, निम्न वर्धा या प्रकल्पांचे कालवे पाटबंधारे विभागाकडे, रस्त्याकडेचे खड्डे बांधकाम विभागाकडे, शेततळी कृषी खात्याकडे. तालुक्याच्या मे महिन्यातल्या बैठकीत या तिघांना बोलावून, कुठला पाझर कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत बंद करणार हे नावासह लिहून घ्या.

भिंतीवरची कीटकनाशक फवारणी सगळीकडे करायची गरज वर्ध्यात नाही. जिथे रुग्णांचा पुंजका निघतो तिथे ती करावी लागते, आणि करायची तर नीट. क्युलिसिफेसिस गुरांच्या कोठ्यात विसावतो, त्यामुळे कोठा सोडून घर फवारणं निरर्थक आहे. नोझल भिंतीपासून साधारण 45 सेंटीमीटरवर धरून वरून खाली सारखा पट्टा उमटला पाहिजे. लोक देवघर आणि स्वयंपाकघर फवारू देत नाहीत. आदल्या दिवशी आशाताईने भांडी-धान्य झाकायला सांगितलं असेल तर विरोध बराच कमी होतो. फवारणीची तारीख सणांचं पंचांग पाहून ठरवा. पोळ्याआधी किंवा दसरा-दिवाळीआधी सारवण आणि चुना लागला की औषध भिंतीत गाडलं जातं. औषध कोणतं वापरायचं हे जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवा. हा डास डीडीटीला फार पूर्वीच निर्ढावला, इतर औषधांनाही ठिकठिकाणी दाद देईनासा झाला आहे, आणि कापसाच्या पट्ट्यात शेतात सातत्याने पडणाऱ्या कीटकनाशकांचाही त्याला हातभार लागतो.

घरातली फवारणी ज्याला वाचवत नाही, असा एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे. रानडुकरं आणि रोही पीक फस्त करतात म्हणून शेतकरी जागलीला जातो, मचाणावर उघड्यावर रात्र काढतो. ऑगस्टपासून हरभरा निघेपर्यंत हे चालतं, आणि फाल्सिपेरमचा जोर नेमका याच काळात असतो. औषधभारित मच्छरदाण्या वाटताना घरटी हिशेब होतो: दोन माणसांमागे एक. जागलीची मच्छरदाणी त्यात धरलेली नसते, ती वेगळी मागा. मच्छरदाणी नवी असताना दिवसभर सावलीत वाळवून वापरा, उन्हात नको. ती साधारण तीन वर्षं किंवा वीस धुण्यांपर्यंत काम देते.

बाहेरून येणारे, बाहेर जाणारे

कापूस वेचणीला, सोंगणीला, वीटभट्टीवर, बांधकामावर बाहेरून मजूर येतात, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडहून, शेजारच्या जिल्ह्यांतून. त्यांची पालं गावाबाहेर पाण्याच्या जवळ असतात आणि गावच्या यादीत त्यांचं नाव नसतं. टोळी आल्यापासून आठवड्यात सगळ्यांची तपासणी व्हावी. मुकादमाला आणि शेतमालकाला हे पटवून देणं सरपंचाचं काम आहे. मजुरांमुळे रोग येतो असा सूर गावात निघू देऊ नका. तो निघाला की मजूर ताप लपवतात, आणि लपवलेल्या तापावर इलाज करता येत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात 2017 पासून 1233 गावांत तापाचा माग काढणं, तपासणं, उपचार करणं आणि पुन्हा माग ठेवणं हे नेटाने केलं गेलं आणि मलेरिया झपाट्याने खाली आला. तिथे नवं औषध नव्हतं, कामावर देखरेख होती.

रुग्ण कमी झाले की माणसं आणि पैसा दुसरीकडे वळवण्याची सूचना येईल. तेव्हा दोन जुने आकडे पुढे ठेवा. श्रीलंकेत 1963 मध्ये संपूर्ण देशात अवघे 17 रुग्ण उरले होते. फवारणी थांबली, शोध ढिला पडला आणि 1968-69 मध्ये पाच लाखांवर लोक आजारी पडले. तो देश मलेरियामुक्त जाहीर व्हायला 2016 साल उजाडलं. आपल्याकडे 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, 1961 मध्ये देशभरात 50 हजारांच्या आसपास रुग्ण उरले, आणि 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले. आरोग्य सेवकाचं पद रिक्त असेल तर आराखड्यात ते भरलेलं धरू नका. त्या गावांचा पंधरवड्याचा फेरा कोण करणार, हे नाव लिहा. गाव आरोग्य समितीला दरवर्षी मिळणाऱ्या 10 हजारांच्या निधीतून निदान स्लाइड पोचवण्याचा खर्च आणि जागलीच्या काही मच्छरदाण्या निघू शकतात. पण तो ठराव एप्रिलमध्ये झाला तरच.

देखरेखीसाठी फार तक्ते नकोत. रुग्णनोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे पाच तारखा लिहा: ताप आला, रक्त घेतलं, अहवाल आला, पहिली गोळी दिली, उपचार पूर्ण झाला. महिन्याच्या बैठकीत एकूण आकड्यांआधी या तारखा वाचा. पहिली गोळी तापानंतर तीन दिवसांच्या पुढे गेली असेल, तर मधले दिवस कुठे गेले ते शोधा. डॉक्टरकडे, स्लाइडच्या प्रवासात, की रुग्णालाच रक्त तपासायचं माहीत नव्हतं? प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे आणि तो पुढच्या महिन्याच्या कामात लिहिला गेला पाहिजे. रुग्ण सापडल्यावर त्याच्या घराच्या आसपासच्या सगळ्यांची तपासणी आठवडाभरात झाली का, तेही तिथेच विचारा. डिसेंबर-जानेवारीत वेचणी संपवून मजूर परत निघतात, तेव्हा ज्यांचे 14 दिवस अजून भरले नाहीत त्यांच्या उरलेल्या गोळ्या आणि चिठ्ठी हाती द्या, आणि त्यांच्या गावाच्या आरोग्य केंद्राला फोन करून उरलेले दिवस कळवा.